“हा कशाचा वाजला?” : नवी पेठेतल्या डब्याच्या स्वयंपाकघरातले टायमर

अकरा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. वहिनींचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत. फोन फ्रिजवर, पिठाचा हात लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. त्यांनी कोपरानं पिशवीवरून दाबून बघितलं, फोन काही थांबेना. शेवटी मावशींनी तव्यावरची पोळी तशीच सोडली, पदराला हात पुसले, पिशवीतून फोन काढला आणि बंद केला. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“हा कशाचा वाजला?” वहिनींनी विचारलं.

कुकरचा नव्हे, तो दहा मिनिटांपूर्वीच उतरवला होता. पाण्याच्या मोटारीचा असेल म्हणून मावशी गॅलरीत धावल्या, तर मोटार बंदच. दूध केव्हाच तापवून झालं होतं. इतक्यात करपल्याचा वास आला. भात खाली लागला होता, आणि मघाची पोळीही तव्यावर काळी झाली होती.

त्या दिवशी डबे बारा वाजून दहा मिनिटांनी निघाले. निघायची ठरलेली वेळ अकरा चाळीस.

फोनमध्ये टायमर लावायचा सल्ला माझा होता. म्हणून काय चुकलं आणि पुढे काय जमत गेलं, ते सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटतं. घरात, दुकानात, अभ्यासाच्या टेबलावर टायमर लावून वेळ आवरू बघणारे पुष्कळ असतात. पहिले चार दिवस उत्साह, मग तो टायमर कुठेतरी खणात पडतो. तो का पडतो, याचं एक उत्तर मला या स्वयंपाकघरात मिळालं.

घर आणि हिशोब

वहिनी चार वर्षांपासून डबे देतात. जुनी इमारत, दुसरा मजला, चार बर्नरची शेगडी, खिडकीशी लोखंडी मांडणी, गॅलरीत पाण्याच्या मोटारीचं बटण. मदतीला मावशी. डबे पोचवायला मावशींचा भाचा, स्कूटरवर. रविवारी सुट्टी. डबे ३४ : त्यातले २६ अभ्यासिकांमधल्या मुलामुलींचे, ५ आसपासच्या वयस्कर मंडळींचे आणि ३ नदीपलीकडे आपटे रोडला. डब्यात तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर नाहीतर चटणी.

पुण्याचा नवी पेठ, सदाशिव पेठ हा भाग ज्यांना ठाऊक आहे त्यांना तिथल्या अभ्यासिका सांगायला नकोत. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, सांगली, कुठून कुठून मुलं स्पर्धा परीक्षांसाठी येतात आणि एका खुर्चीवर वर्षं काढतात. त्यांचं सगळं आयुष्य मोजलेलं असतं. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला १०० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. सराव पेपर सोडवताना शेजारी फोनवर उतरते आकडे चालू असतात. रोजचा अभ्यासही बरेच जण पोमोदोरो पद्धतीनं करतात : २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतः विद्यार्थी असताना, ही पद्धत बसवली. त्यासाठी त्यानं घेतला होता स्वयंपाकघरातला, टोमॅटोच्या आकाराचा टायमर. पोमोदोरो म्हणजे टोमॅटो.

अशा मुलांना डबा अर्धा तास उशिरा मिळाला की त्यांची दुपारची सगळी घडी विस्कटते. वहिनींना एका मुलीनं फोनवर सांगितलं होतं, “काकू, जेवण घरच्यासारखं आहे, त्यात काहीच प्रश्न नाही. पण मी वाट बघत बसते आणि माझा अभ्यासही होत नाही.” त्या महिन्यात पाच डबे बंद झाले. आणखी एक गोष्ट मला जास्त लागली होती. वयस्कर मंडळींतल्या एका आजोबांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. डबा कधी येईल याचा भरवसा नसल्यानं ते डबा हातात पडेपर्यंत इंजेक्शन घेत नसत आणि भूक धरून बसत.

मी भोसरीच्या एका कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग विभागात बावीस वर्षं काम केलं. कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे मोजणं हाच माझा धंदा. वहिनींनी एरवी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पण डबे बंद झाल्यावर म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही कारखान्यातला वेळ मोजता ना? एकदा माझं बघा. मी पाचला उठते, हात एक मिनिट रिकामा नसतो. तरी उशीर का होतो, ते मला कळत नाही.”

सहा दिवस नुसतं बघितलं

दाराशी स्टूल टाकून सहा दिवस बसलो, वही घेऊन. सहापैकी पाच दिवस उशीर झाला, कधी दहा मिनिटं, कधी तीस.

त्यांचं म्हणणं खरं होतं, हात रिकामा नव्हताच. वहिनी लाटत, मावशी दोन तव्यांवर भाजत. सकाळी पहिल्या खेपेला एका पोळीला ४२ सेकंद पडत. हा वेग कोणत्याही कारखान्यात वाखाणला गेला असता. वेळ जात होता तो दुसरीकडे. आठवड्यात दोनदा भात लागला, आणि लागलेला भात बाजूला काढून पुन्हा थोडा भात टाकायचा म्हणजे अर्धा तास. एकदा मिक्सर चालू असताना कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत आणि डाळीचं पाणी झालं. एकदा टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहिलं आणि खालच्या मजल्यावरून हाक आली. या मोठ्या गोष्टी. त्याहून जास्त वेळ खाणारी गोष्ट बारीक होती, ती म्हणजे डोकावणं. एके दिवशी दहा ते अकराच्या दरम्यान मावशी भाताचं झाकण उघडून बघायला एकोणीस वेळा गेल्या. दर वेळी तव्यावरची पोळी थांबली, वाफ गेली, झाकण परत ठेवताना हात भाजायची भीती. एकोणीस वेळा बघूनसुद्धा नेमक्या वेळेला त्या कोशिंबिरीच्या काकड्या चोचवत होत्या.

हे वाचताना कोणाला मावशींचा दोष वाटेल. तसं मुळीच नाही. स्टीव्हन सेसी आणि यूरी ब्रॉन्फेनब्रेनर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना सांगितलं, ओव्हनमधले केक तीस मिनिटांनी बाहेर काढायचे. तोवर व्हिडिओ गेम खेळा. मुलं घड्याळाकडे कधी बघतात ते टिपलं. घरी असलेली मुलं सुरुवातीला पुन्हा पुन्हा बघत, मग मधल्या काळात जवळजवळ विसरून खेळत, आणि वेळ भरत आली की परत बघू लागत. म्हणजे सुरुवातीच्या बघण्यातून त्यांनी वेळ किती सरकतो याचा अंदाज बांधला आणि मधला वेळ मोकळा करून घेतला. हे जमलं कारण त्यांना दुसरं एकच काम होतं आणि बघायला घड्याळ होतं. मावशींना एका वेळी पाच कामं होती, आणि घड्याळ बाहेरच्या खोलीत.

स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे आणखी एक भेद सांगतात. पुढे करायची गोष्ट लक्षात ठेवण्याचे दोन प्रकार. एक, काही घडलं की करायची : दूधवाला आला की पैसे द्यायचे. दुसरा, वेळ झाली की करायची : वीस मिनिटांनी गॅस बंद करायचा. गाइल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनिएल यांनी १९९० पासून यावर बरंच काम केलं. दुसरा प्रकार जड जातो, कारण आठवण करून द्यायला समोर काहीच येत नाही; डोक्याला स्वतःच मधूनमधून उठून बघावं लागतं. टायमर हेच ओझं उतरवतो. ‘वीस मिनिटांनी’ याचं तो ‘घंटी वाजली की’ असं करून टाकतो. मला वाटतं, घरातल्या टायमरचा खरा उपयोग इतकाच आहे, आणि तो पुष्कळ आहे.

हे सगळं मला तेव्हा असं स्वच्छ कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, फोन आहेच, त्यात टायमर लावा. कुकर, भात, दूध, मोटार, सगळे एकाच फोनमध्ये, एकाच आवाजाचे. चौथ्या दिवशी काय झालं ते वर सांगितलंच.

तुळशीबागेतले टायमर

“हा कशाचा वाजला?” या प्रश्नात सगळी चूक होती. घंटी वाजली, पण तिनं काही सांगितलं नाही. आठवण पुन्हा डोक्यालाच करावी लागली. शिवाय ओल्या, पिठाळ बोटाला फोन दाद देत नाही. त्यात दुपारच्या डब्यांचे फोन, बँकेचे मेसेज, सगळ्याचे आवाज त्याच पिशवीतून.

तुळशीबागेच्या बाजारात जाऊन चावीचे चार टायमर आणले, गोल तबकडीचे, मागे चुंबक असलेले. तबकडी फिरवली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि टिकटिक करत ती उलटी येते. शून्याशी आली की घंटी. सेल नको, पडदा नको, कणकेच्या हातानं फिरवता येतो. एक बारकावा दुकानदारानंच सांगितला : पाच-दहा मिनिटांसाठी लावायचा असला तरी आधी तबकडी पुढपर्यंत फिरवायची आणि मग हव्या त्या आकड्यावर मागे आणायची, नाहीतर स्प्रिंगला पुरता ताण येत नाही आणि घंटी मिळमिळीत वाजते. मिनिटभर इकडेतिकडे होतं. आमटी-भाताला त्यानं काही बिघडत नाही.

महत्त्वाचं ठरलं ते जागेचं. एक टायमर एकाच कामाचा, आणि तो त्या कामाच्या शेजारीच राहणार. कुकरचा मांडणीच्या डाव्या कोपऱ्याला, भाताचा उजवीकडे खिडकीच्या गजाला, मोटारीचा गॅलरीत बटणाखाली. आवाज सगळ्यांचा सारखाच, पण कान दिशा ओळखतो. पहिल्याच दिवशी घंटी वाजली आणि वहिनी मान वर न करता म्हणाल्या, “मावशी, भात.” कोणी कोणाला विचारलं नाही.

कुकरच्या शिट्ट्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या घराघरात तोच टायमर आहे. “तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर.” पण दोन शिट्ट्यांमधलं अंतर आच किती मोठी, कुकर किती भरलेला, यावर बदलतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि डाळ कच्ची राहते. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आतलं तापमान १२० अंशांच्या घरात जातं. डाळ शिजते ती या तापमानाला किती मिनिटं राहिली त्यावर. शिट्टी फक्त जादा वाफ सोडते. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि तिथून दहा मिनिटांचा टायमर. वहिनींनी दोन दिवस करून बघितलं आणि शिट्ट्या मोजणं सोडलं. मिक्सर लावताना आता जीव टांगणीला लागत नाही, हे त्या स्वतःहून म्हणाल्या.

पोळ्यांना लावलेला टायमर

इथवर बरं चाललं होतं. मग मी चौथा टायमर पोळ्यांना लावला.

कारखान्यात आम्ही एक आकडा काढतो : हातात असलेला वेळ भागिले मागणी. नऊ ते साडेअकरा म्हणजे १५० मिनिटं, डबे ३४, म्हणजे डब्यामागे साधारण ४ मिनिटं २५ सेकंद. वहीत हे फार सुरेख दिसलं. स्वयंपाकघरात त्याला अर्थ नव्हता, कारण डबे एकामागून एक तयार होत नाहीत; भात एकदम होतो, आमटी एकदम होते. तरी पोळ्या एकेक होतात, म्हणून मी तिथे धरून बसलो. वीस पोळ्या, चौदा मिनिटं. टायमर पोळपाटाशेजारी ठेवला.

दोन दिवस मावशी काही बोलल्या नाहीत. एरवी त्या भाजता भाजता गावाकडचं काहीबाही सांगत असत, ते थांबलं. घंटी जवळ आली की त्यांचा हात घाई करी आणि घडीच्या आत पोळी कच्ची राही. चौकात सिग्नलला उतरते आकडे दिसतात तिथेही हेच होतं. साठ-सत्तर सेकंद लोक गाडी बंद करून निवांत असतात, कारण किती थांबायचं ते माहीत असतं. आकडा पाचावर आला की सगळे हॉर्न एकदम. उरलेला वेळ दिसला की थांबणं सोपं होतं आणि हात चळतो, दोन्ही खरं. पोळीला चळलेला हात चालत नाही. तिसऱ्या दिवशी आपटे रोडहून तक्रार आली, पोळ्या कच्च्या.

त्या संध्याकाळी वहिनींनी तो टायमर उचलून खणात ठेवला. मला म्हणाल्या, “भाऊजी, घड्याळ कुकरला लावा. माणसाच्या मागे लावू नका. मावशी तुम्हाला काही म्हणणार नाहीत, पण त्या काल घरी जाऊन रडल्या.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. हे मी शिकलेलं होतं, तरी केलं. आमच्या अभ्यासक्रमात, घड्याळ लावून काम मोजायची पद्धत रुजवणाऱ्या फ्रेडरिक टेलरचं नाव पहिल्या धड्यात येतं, आणि त्याच्या पद्धतीबरोबर वॉटरटाउनचं प्रकरणही येतं. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या त्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी काम बंद केलं, कारण त्यांच्यातल्या एकाच्या मागे स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा केला होता. संसदेची चौकशी समिती बसली आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचनं काम मोजायला बंदी आली. ते कामगार कुशल होते, कामचुकार नव्हते. दुसऱ्याच्या हातातल्या घड्याळानं आपलं कसब तोललं जाणं त्यांना सहन झालं नाही. मी मावशींच्या पोळपाटाशी तेच ठेवलं होतं, फक्त आकडे उलटे जाणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना म्हटलं, “मावशी, चुकलं माझं. तुमच्या हाताला घड्याळाची गरज नव्हती.” त्या म्हणाल्या, “अहो, हाताला नाही, कणकेला आहे.”

मी विचारलं, म्हणजे?

त्यांनी सांगितलं ते मी सहा दिवस स्टुलावर बसून बघितलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं. कणीक दोन खेपांत मळली जाई. पहिली खेप सकाळी, तिला मुरायला वेळ मिळे. ती साठेक पोळ्यांना पुरे. दुसरी खेप ऐन घाईत, मळली की लगेच लाटायला. “ती पोळी आक्रसते. वहिनी लाटतात, ती परत मागं येते. पुन्हा लाटतात. तुमचं घड्याळ तिथं थांबतं.”

मी वही उघडली. पहिल्या साठ पोळ्या, ४२ सेकंदांनी. नंतरच्या, ५५ सेकंदांनी. आकडे माझ्याच अक्षरात होते, आणि मी त्यावर ‘थकवा’ असं लिहून ठेवलं होतं. थकवा नव्हता. कणीक मळली की गव्हातलं चिकट जाळं ताणलं जातं, ते सैल व्हायला अर्धा तास लागतो. कोंडाही पाणी सावकाश पितो. दोघी बायकांना हे शास्त्र हातांतून माहीत होतं, फक्त सकाळच्या धबडग्यात तेवढा अर्धा तास राखायला कोणी नव्हतं.

मग चौथा टायमर कणकेला लावला. सगळी कणीक एकदम मळायची, ओलं फडकं टाकायचं, परातीशेजारी टायमर, तीस मिनिटं. १०२ पोळ्या, सगळ्या ४२ सेकंदांच्या, एकूण एकाहत्तर मिनिटं. पूर्वी दोन खेपांना मिळून ऐंशीच्या वर जात होती, आणि दुसरी कणीक मळायची बारा मिनिटं वेगळी. वीस मिनिटं सुटली, ती कोणालाही घाई न करता. पोळ्यांसमोर टायमर ठेवून एक मिनिटही सुटलं नव्हतं.

अकरा चाळीसपासून मागे

यानंतर आम्ही तिघं एका रविवारी बसलो आणि दिवस उलटा मांडला. अकरा चाळीसला भाचा जिना उतरणार. डबा भरायला ४५ सेकंद, चौतीस डब्यांना साडेपंचवीस मिनिटं. म्हणजे अकरा दहाला भरायला घ्यायचे. भाताची वाफ दहा मिनिटं जिरायला हवी, म्हणजे अकराला गॅस बंद. त्यासाठी आधणात तांदूळ दहा अडतीसला वैरायचे, आणि सव्वादहाला आधण ठेवायचं. पोळ्या अकरा पाचपर्यंत व्हायच्या तर पावणेदहाच्या सुमारास लाटायला बसायचं. कणीक सव्वानऊला फडक्याखाली.

भाजीपाशी अडलं. वहिनी म्हणाल्या, चिरायला अर्धा तास. माझ्या वहीत सहा दिवसांची सरासरी पन्नास मिनिटं होती. त्यांना पटेना, “गवार होती म्हणून.” दुसऱ्या दिवशी मेथी होती म्हणून. निवडण्या-चिरण्याचं काहीतरी रोजच असतं. आपल्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस सगळं सुरळीत गेलेला दिवस डोळ्यापुढे आणतो. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’, म्हणजे नियोजनातला भ्रम, असं नाव दिलं. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं. सरासरी उत्तर ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती, असंही विचारलं होतं. तो अंदाजही ४८.६ दिवसांचा, म्हणजे तोसुद्धा कमीच पडला. शेवटी वहिनींनी भाजीला पन्नास मिनिटं धरली आणि आठ वाजता विळी घेऊन बसू लागल्या. मोटार सातलाच लावून टाकायची ठरली. ऐन घाईत तीनच टायमर उरले : कणीक, कुकर, भात.

तीनच, यावर वहिनी ठाम राहिल्या. कोशिंबिरीला, दह्याला, भाच्याच्या निघण्याला असे आणखी लावावेत असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, “सारखं वाजायला लागलं की मग मला काहीच ऐकू येणार नाही.” अतिदक्षता विभागातल्या परिचारिका नेमकं हेच सांगतात, सतत वाजणाऱ्या यंत्रांमुळे खरी धोक्याची घंटी कानाआड होते, हा रुग्णालयांमधला मान्य झालेला प्रश्न आहे.

पुढच्या सहा आठवड्यांत, छत्तीस दिवसांत, पाच मिनिटांहून जास्त उशीर चार दिवस झाला. एकदा सिलिंडर मध्येच संपला. एकदा मावशींना ताप होता. दोनदा खडकवासला धरणातून नदीत पाणी सोडल्यामुळे भिडे पूल पाण्याखाली गेला आणि झेड ब्रिजवर स्कूटरींची रांग लागली. आपटे रोडचे तीन डबे रखडले. यातल्या कशावरही टायमर चालत नाही. भात एकदाच लागला, त्या दिवशी चावी द्यायची राहून गेली होती. बंद झालेल्या पाचांपैकी दोन डबे परत सुरू झाले. आजोबांचा डबा आता सगळ्यात आधी जातो, आणि भाचा जिना उतरताना त्यांना फोन करतो.

मावशी पुन्हा गावाकडचं सांगू लागल्या, हे वहीत कुठे लिहायचं मला कळलं नाही, म्हणून इथे लिहितो.

घटकाभर

कणकेचा टायमर सव्वानऊ ते पावणेदहा एवढाच चालतो. पुढे दिवसभर तो रिकामा. एका दुपारी मी गेलो तर तो बाहेरच्या खोलीत, वहिनींच्या खुर्चीच्या हातावर होता. पूर्वी डबे गेले की त्या उभ्याउभ्याच ओटा धुवायला घेत, आणि संध्याकाळी पाय भरून येत. बसल्या तरी डोळा घड्याळाकडे, चारची भाजी, उद्याचं कडधान्य. आता टायमर लावून बसतात. तो वाजेपर्यंत काही लक्षात ठेवायचं नाही.

“किती लावता?” मी विचारलं.

“पंचविसाच्या जरा अलीकडे. घटकाभर.”

घटका म्हणजे बरोबर चोवीस मिनिटं, दिवसरात्रीच्या साठ. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी आत येत येत ती भरून बुडाली की घटका भरली. लग्नाच्या वेळा एके काळी या घटिकापात्रावर साधत. त्या वाटीपाशी बसलेल्या माणसाला काही करायचं नसे, पाणी आपल्या गतीनं चढे. हे मी वहिनींना सांगायला सुरुवात केली होती.

त्यांनी डोळे न उघडता तबकडीवर बोट ठेवलं, कुठवर आली ते चाचपलं.

“भाऊजी, अजून सात मिनिटं आहेत.”

मी स्टूल ओढून घेतलं आणि गप्प बसलो.